पुसू नये

बाबांच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यातून अकरा व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. त्यांपैकी एकीच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर त्यांच्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात ‘मोगली. पुसू नये.’ असे लिहिलेले आहे. नुसते लिहून त्यांचे समाधान झाले नव्हते. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असे; तो मोडला की व्हीसीआर त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग करत नसे, आणि या कॅसेटचा तो तुकडा मोडलेला आहे. आमच्या घरात त्या काळी कोरी कॅसेट जपून वापरली जाई. एकाच कॅसेटवर आधी क्रिकेटचा सामना, मग तो पुसून गणपतीतला एखादा कार्यक्रम, मग तोही पुसून रविवारचा चित्रपट असा क्रम चाले. त्यामुळे तीन तासांची अख्खी कॅसेट कायमची बाजूला काढून ठेवणे हा एका काटकसरी माणसाने आपल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी केलेला मोठाच खर्च होता.

१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी मोगलीची ती ‘जंगल बुक’ मालिका जपानी आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओने १९८९-९० मध्ये तिचे ५२ भाग तयार केले होते. आपल्याकडे ती हिंदीत आली तेव्हा गुलजार यांनी तिचे शीर्षकगीत लिहिले, विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली आणि शेरखानाच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज आला. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना मालिकेतला एकही प्रसंग नीट आठवत नाही, पण ते गाणे सुरू झाल्याबरोबर गल्लीतले खेळ अर्धवट टाकून घरी धावल्याचे सर्वांना आठवते. म्हणूनच ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, हे अलीकडच्या मुलांचे खूळ आहे असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात ‘डेमन स्लेयर’ या ॲनिमे मालिकेचा नवा चित्रपट आपल्याकडे लागला आणि काही चित्रपटगृहांनी त्याचे पहाटेचे खेळ ठेवले, तेव्हा अनेक घरांत आईवडिलांना नवल वाटले. परंतु त्या मुलांच्या आईवडिलांनीही लहानपणी जपानी चित्रकारांनी काढलेला लांडग्यांचा कळप डोळे विस्फारून पाहिलेला होता.

ती कॅसेट मी गेल्या वर्षी संगणकावर उतरवून घेतली. या कामात घाई करता येत नाही, कारण तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात आणि ते तिन्ही तास समोर बसावे लागते. चित्र थरथरू लागले की थांबायचे, व्हीसीआरचे हेड स्पिरिटने पुसायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मोगलीच्या भागांमध्ये कापडाच्या आणि साबणाच्या जाहिराती तशाच राहिल्या आहेत. एका ठिकाणी प्रक्षेपण तुटून ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी येते आणि जवळपास दीड मिनिट तशीच राहते. बाबांनी तेवढ्यापुरते रेकॉर्डिंग थांबवले नाही, याचा मला आता फार आनंद होतो. मूळ मालिका आज ना उद्या कुठेतरी स्वच्छ चित्रात मिळेल, पण त्या रविवारची ती पाटी आणि तिच्यामागची ती शांतता फक्त आमच्या कॅसेटवर आहे.

हे सारे आता ज्या यंत्रात आहे ते म्हणजे एका कार्यालयाने विकायला काढलेला जुना, वहीपेक्षा थोडा मोठा डेस्कटॉप संगणक. तो कपड्यांच्या कपाटाच्या बाजूला, इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवलेला आहे. त्यात डेबियन ही खुली कार्यप्रणाली आहे, दोन हार्ड डिस्क आहेत, आणि घरातला टीव्ही ज्याच्याकडून चित्रे मागतो ते जेलीफिन नावाचे सॉफ्टवेअर आहे. सगळे मिळून साधारण २५ वॅट वीज लागते, म्हणजे दिवसाला ०.६ युनिट आणि महिन्याला १८ युनिट. सर्व्हर हा शब्द ऐकून आईने प्रथम ‘घरात एवढे मोठे यंत्र कशाला’ असे विचारले होते; तो देवघरातल्या समईपेक्षा उंच नाही हे पाहिल्यावर तिने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, आणि हवा खेळती राहावी म्हणून मला तो काढून घ्यावा लागला.

जेलीफिनचा जन्मच मला महत्त्वाचा वाटतो. एम्बी नावाचे जे सॉफ्टवेअर आधी सर्वांसाठी खुले होते त्याने आपला पुढचा कोड बंद केला, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात काही स्वयंसेवकांनी त्याची शेवटची खुली आवृत्ती घेऊन निराळा संसार मांडला. त्यामागे कंपनी नाही, वर्गणी नाही आणि कोण काय पाहते याची नोंद घरापलीकडे जात नाही. त्याच्या पडद्यावरच्या मजकुराचे मराठी भाषांतरसुद्धा स्वयंसेवकच वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर करतात; मीही तेथे थोडी वाक्ये लिहिली आहेत आणि एका ‘पुढचा भाग’ या शब्दासाठी दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. दुसरीकडे प्लेक्स हे याच कामाचे जास्त प्रसिद्ध सॉफ्टवेअर. त्याने २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचाच संग्रह पाहण्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली आणि आयुष्यभराच्या परवान्याची किंमत १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेली. कंपनी चालवायची तर पैसा लागतो हे मला मान्य आहे. तरीही माझी डिस्क, माझी वीज आणि माझे इंटरनेट वापरून माझ्याच घरातले चित्र मला दाखवण्याचे भाडे मला द्यावेसे वाटत नाही. प्रवासात असताना घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणे आपल्याकडे तसेही सोपे नसते, कारण अनेक घरगुती जोडण्यांना इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता न देता अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो. त्यावर मी टेलस्केल हे दूरची यंत्रे खासगीपणे जोडणारे सॉफ्टवेअर वापरते आणि रेल्वेतूनही काम भागते.

पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली असते असे आपण मानतो, पण पडद्यावरच्या वस्तूंचे तसे राहिलेले नाही. अमेरिकेत फ्युनिमेशन नावाची ॲनिमेची मोठी सेवा होती. सोनीने क्रंचीरोल ही तशीच दुसरी सेवा विकत घेऊन दोन्ही एकत्र केल्या आणि २ एप्रिल २०२४ रोजी फ्युनिमेशनचे ॲप बंद झाले. डिस्कसोबत मिळणारा संकेतांक भरून ज्यांनी आपल्या खात्यात डिजिटल प्रती साठवल्या होत्या, त्यांच्या त्या प्रती त्याच दिवशी गेल्या. ज्यांनी प्लास्टिकची डिस्क जपून ठेवली होती त्यांचा चित्रपट मात्र राहिला. मी तेव्हापासून आवडलेल्या चित्रपटाची डिस्क मिळत असेल तर विकत घेते, ती घरच्या वापरासाठी सर्व्हरवर उतरवते आणि डिस्क खोक्यात घालून ठेवते. हा संग्रह मी कोणाला वाटत नाही. ज्या चित्रकारांचे श्रम मला इतके प्रिय आहेत त्यांच्या कामाचे पैसे त्यांच्यापर्यंत जावेत, असे मला मनापासून वाटते.

या श्रमांची आठवण झाली की क्योतो ॲनिमेशनकडे मन जाते. १८ जुलै २०१९ रोजी क्योतोच्या फुशिमी भागातल्या त्यांच्या पहिल्या स्टुडिओत एक माणूस पेट्रोल घेऊन शिरला आणि त्याने आग लावली. त्या आगीत ३६ जण मरण पावले. पगारावर नेमलेले चित्रकार, त्यांत बऱ्याच स्त्रिया, घरच्या शाळेत शिकवून तयार केलेली माणसे, अशी त्या स्टुडिओची ख्याती होती. हाताने काढलेले कागद जळाले. पण तळमजल्यावर काँक्रीटच्या भिंतींच्या एका खोलीत सर्व्हर होता. आग आणि अग्निशमनाचे पाणी दोन्ही तेथवर पोहोचले नाही, आणि काही दिवसांनी त्यातली चित्रे परत मिळवता आली. गेलेल्या माणसांपुढे त्या फायलींना काय किंमत, असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. एखाद्या चित्रकार मुलीने एका पात्राच्या हाताची बोटे कशी वळतात हे दाखवण्यासाठी ओढलेल्या रेघा तिच्यामागे कोठेतरी शाबूत आहेत, आणि तिचे सहकारी त्या उघडून पाहू शकतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आपल्याकडेही आग लागली होती. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म, म्हणजे जुन्या काळच्या ज्वालाग्राही फिती, ज्या कोठारात ठेवल्या होत्या ते कोठार पेटले. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. दादासाहेब फाळक्यांच्या आणि प्रभातच्या काळातली कितीतरी रिळे त्यात नष्ट झाली. काहींच्या प्रती आधी दुसऱ्या फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या म्हणून त्या वाचल्या. ज्यांच्या नव्हत्या त्या गेल्या. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेले आहे आणि दर वेळी त्या आवाराच्या भिंतीकडे पाहते.

टीव्हीचे तर याहून वाईट झाले, कारण तेथे आग लागण्याचीही गरज नव्हती. टेप महाग होत्या, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम घेतला जाई. जगभरच्या वाहिन्यांनी हे केले. ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेल्याची बातमी आली तेव्हा आईला त्यांचा गुंड्याभाऊ पाहायचा होता. मुंबई दूरदर्शनच्या ‘चिमणराव’ने एका काळी संध्याकाळचे रस्ते ओस पाडले होते, आणि त्या मालिकेचे आज फार थोडे भाग पाहायला मिळतात. जे मिळाले ते आम्ही दोघींनी पाहिले. आईने प्रभावळकर आणि कर्वे यांच्या पुढच्या प्रसंगांतले संवाद स्वतः बोलून दाखवले. ते कितपत अचूक होते हे ताडून पाहायला माझ्याजवळ काहीच नव्हते.

आता माझ्या हातून झालेले नुकसान सांगायला हवे. सर्व्हर मांडून पहिले सहा महिने झाले होते. श्रावणातल्या एका दुपारी कपाटाच्या बाजूने ‘टक्, टक्, टक्’ असा घड्याळासारखा, पण घड्याळापेक्षा कोरडा आवाज येऊ लागला. हार्ड डिस्कचे वाचणारे टोक आपली जागा शोधत असले आणि त्याला ती सापडत नसली की असा आवाज येतो. मी यंत्र बंद करेपर्यंत डिस्क गेली होती. घरच्या फोटोंची दुसरी प्रत माझ्याकडे होती, मोगलीचीही होती. परंतु त्याच आठवड्यात उतरवलेल्या मावशीच्या लग्नाच्या कॅसेटची प्रत करायची राहिली होती. कॅसेट हातात आहे, पुन्हा उतरवू, असे म्हणून मी ती व्हीसीआरमध्ये घातली आणि विसाव्या मिनिटाला टेप आत गुंतली. चिमट्याने सोडवताना तिला घड्या पडल्या आणि एका जागी ती तुटली. जोडल्यावर बाकीचे लग्न दिसते. घड्या पडलेल्या चार मिनिटांत आजी पंगतीत जिलबी वाढत होती. पदर खोचलेला, एका हातात परात, आणि कोणीतरी ‘नको, नको’ म्हणत पानावर आडवा हात धरल्यावर ती त्या हाताच्या बाजूने अलगद जिलबी ठेवते. मी ते एकदा पाहिले होते, म्हणून मला सांगता येते. आजीचे चालते-बोलते चित्र आमच्याकडे तेवढेच होते.

तेव्हापासून मी प्रतींच्या बाबतीत कडक झाले आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिले जाणे म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा जाणकारांचा जुना नियम मी पाळते. बाहेरची प्रत भावाच्या घरी नाशिकला असते. दर तीन महिन्यांनी कोणी ना कोणी जाणारे मिळते आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेली डिस्क घेऊन जाते. जेलीफिनची १०.११ ही आवृत्ती २०२५ च्या ऑक्टोबरात आली आणि तिने आतल्या नोंदींची सगळी मांडणी बदलली, तेव्हाही आधी प्रत काढली आणि मगच हात लावला. यंत्राची मेमरी ८ वरून १६ जीबी करायचे मात्र लांबणीवर पडले आहे. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढले, आणि ३ डिसेंबरला मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा क्रूशल हा आपला जुना ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. मोठ्या यंत्रांसाठी लहान यंत्रांच्या तोंडचा घास काढून घेतला जातो आहे, असे मला वाटते, आणि त्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तेवढी होत नाही.

चर्चा कशाची होते हे पाहायचे तर टीव्ही लावावा लागतो, आणि मी बातम्यांच्या वाहिन्या पाहणे तीन वर्षांपूर्वी सोडले. एका चौकटीत सहा माणसे एकाच वेळी बोलत असताना त्यांतला एकही मुद्दा कानात राहत नाही. त्याऐवजी त्याच लहान यंत्रावर फ्रेशआरएसएस चालते. वर्तमानपत्रांच्या आणि काही अभ्यासकांच्या नव्या लेखांचे मथळे ते गोळा करते आणि मी रात्री जेवणानंतर अर्धा तास वाचते. यातून मिळालेला खरा लाभ मला उशिरा कळला. जुने मथळे तेथे तारखेनुसार पडून राहतात. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा वाद पेटला, तेव्हा मी १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग ‘सर्वसाधारणपणे हिंदी’ असे शब्द असलेला आणि हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी तर वर्गात वीस विद्यार्थ्यांची अट घालणारा १७ जूनचा निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा, हे सगळे एका बैठकीत ओळीने वाचू शकले. कोणी कधी काय म्हटले होते, कोणाची भूमिका कोणत्या आठवड्यात बदलली, हे दिसत होते. वाहिनीवरची प्रत्येक बातमी आधीची बातमी पुसून तिच्याच टेपवर घेतलेली असते. आदल्या महिन्यातले काहीच कोणाला आठवत नाही आणि आठवून देण्यात कोणाला रस नसतो.

भाषेच्या त्या वादात मी मराठीच्या बाजूने होते आणि आहे. पण मला त्याच काळात एक गोष्ट टोचत होती. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. क्रंचीरोलवर हिंदी, तमिळ आणि तेलुगूत ॲनिमे ऐकायला मिळतात, मराठीत नाही. मुलांनी मराठी बोलावे असे आपण म्हणतो आणि मुले ज्या गोष्टींवर जीव टाकतात त्या गोष्टींत मराठी कोठेच नसते. शाळेतल्या तासाइतकेच मला हे महत्त्वाचे वाटते. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’ या १९८८ च्या चित्रपटाची मराठी सबटायटल्स आमच्या घरापुरती लिहायला घेतली. आई इंग्रजी सबटायटल्स वाचू शकते, पण वाचता वाचता चित्र निसटते.

पहिली अडचण अक्षरांची आली. आमच्या टीव्हीवर देवनागरीची वेलांटी अक्षराच्या उलट बाजूला जाऊन बसत होती आणि ‘स्वयंपाक’ हा शब्द ‘स्’ आणि ‘वयंपाक’ असा तुटत होता. सर्व्हरवर देवनागरी फाँट ठेवला आणि अक्षरे सर्व्हरनेच चित्रावर उमटवून पाठवावीत असे सांगितले, तेव्हा जोडाक्षरे सांधली. भाताची खाचरे, ओढ्याच्या पाण्यात गार करायला ठेवलेल्या काकड्या, इस्पितळात असलेली आई आणि घर सांभाळणारी मोठी बहीण, हे सगळे पाहताना आई म्हणाली, “हे तर आपल्या आजोळासारखंच आहे गं.” मग सात्सुकी, ती मोठी बहीण, शाळेला निघते. जपानी मुले घरातून निघताना ‘इत्तेकिमास’ म्हणतात. मी लिहिले होते, ‘जाते मी.’ आईने रिमोटवरचे बटण दाबून चित्र थांबवले.

“निघताना ‘जाते’ म्हणतं का कोणी?”

मी शब्दाची फोड पुन्हा पाहिली. ‘इत्तेकिमास’ म्हणजे अक्षरशः ‘जाऊन येते’. घरात राहिलेला माणूस त्यावर ‘इत्तेराश्शाइ’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन ये’. आपल्या उंबरठ्यावर शेकडो वर्षे बोलले जाणारे ‘येते हं’ आणि ‘ये’ हे दोन शब्द जसेच्या तसे तेथे होते, आणि मी इंग्रजी सबटायटल्सवर नजर ठेवून लिहिल्यामुळे ते मला दिसले नव्हते. ‘तादाइमा’ला ‘आले गं’ आणि त्याच्या उत्तराला ‘आलीस?’ हेही मग आपोआप सुचले. जेवणाआधीच्या ‘इतादाकिमास’पाशी मात्र आम्ही दोघी अडलो. आईला ‘वदनि कवळ घेता’ हवे होते. पण त्या मुलीच्या तोंडी आपला श्लोक घालणे मला बरोबर वाटेना. तेथे मी जपानी शब्दच देवनागरीत ठेवला. आई अजून त्यावर नाखूश आहे.

सबटायटल्सची फाईल जेमतेम साठ केबीची आहे. तिच्या तीन प्रती केल्या आणि एक संक्रांतीला तिळगुळाच्या डब्याबरोबर नाशिकला गेली. अकरांपैकी आठ कॅसेटी उतरवून झाल्या आहेत. उरलेल्या तिघींपैकी एकीच्या टेपवर पांढरी बुरशी दिसते आणि तिच्या पाठीवरची पट्टी गळून पडल्याने आत काय आहे ते कळत नाही. कडेचा तुकडा मात्र मोडलेला आहे. पावसाळ्यात तिला हात लावायचा नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तांदळाच्या डब्यात दोन आठवडे ठेवून, मऊ ब्रशने पुसून, मग ती लावून पाहायची असे आईने आणि मी ठरवले आहे.